मोगरा जळतो, जास्वंदीचा लगदा होतो: गच्चीतल्या फुलांचे फोटो

चैत्रपालवी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. पुण्यात तिसऱ्या मजल्यावरची गच्ची, खाली पांढरं चायना मोझॅक, अर्ध्या भागावर हिरवी शेडनेट. कुंड्यांमध्ये सध्या बहरात: मोगरा, लाल देशी जास्वंद, राणी रंगाची बोगनवेल, पेटुनिया, ऑफिस टाइम आणि निळी गोकर्ण. फुटबॉल लिलीचा कंद वर यायला लागलाय, महिन्याभरात फुलेल.

कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, एपीएस-सी (फुल फ्रेमहून लहान) सेन्सरचा. लेन्स त्याच्याबरोबर आलेली १८-५५ मिमी झूम. शिवाय फोन आहे. अडचणी अशा:

१. मोगऱ्याच्या पाकळ्या नुसत्या पांढऱ्या फट्ट येतात, एकावर एक असलेले थर दिसतच नाहीत.
२. जास्वंद म्हणजे लाल लगदा. शिरा, सुरकुत्या सगळं गायब.
३. जवळून काढलं की फुलाचा एक भाग स्पष्ट, बाकी धूसर. एफ/२२ (लेन्सचं छिद्र अगदी लहान) लावून पाहिलं, तर सगळंच मऊ मऊ आलं.
४. मागे टाकी, पाइप, शेजारच्यांची वाळत घातलेली चादर.
५. गोकर्ण जांभळी दिसते.

मॅक्रो लेन्स (अगदी जवळून काढायची) घेतल्याशिवाय गत्यंतर नाही असं दुकानदार म्हणतो. खरंच घ्यावी का?

---

एफ_आठ

लेन्सचं आधी निकालात काढू. तुमच्या १८-५५ वर ५५ ला, अगदी जवळून, साधारण ०.२५ ते ०.३५ पट प्रतिमा मिळते (म्हणजे सेन्सरवर उमटणारं फूल खऱ्या फुलाच्या तितक्या पट). तुमच्या लेन्सचा नेमका आकडा माहितीपत्रकात असतो. ०.३ धरा. सेन्सर २३.५ मिमी रुंद, म्हणजे चौकटीत ७८ मिमी मावतात. जास्वंद आणि पेटुनिया या लेन्समध्ये चौकट भरून येतात, त्यांच्यासाठी मॅक्रो लागतच नाही. कमी पडते ती मोगरा, ऑफिस टाइम आणि बोगनवेलीच्या आतल्या फुलासाठी.

एक लक्षात ठेवा: लेन्सवर लिहिलेलं किमान अंतर सेन्सरपासून मोजतात, काचेपासून नाही. २५ सेंमी लिहिलं असेल तर काच आणि फूल यांच्यात वीतभरही जागा उरत नाही. बरेच जण काचेपासून २५ सेंमी धरतात आणि 'लेन्स जवळ जात नाही' म्हणून नव्या लेन्सच्या मागे लागतात.

त्या तीन लहान फुलांसाठी दोन स्वस्त उपाय आहेत.

पहिला, क्लोज-अप भिंग. लेन्सच्या पुढे फिल्टरसारखं फिरवून बसतं. +४ चं घ्या, तुमच्या लेन्सच्या फिल्टर मापाचं (४९, ५२, ५५, ५८, जे काही टोपणाच्या आत लिहिलं असेल ते). प्रतिमा साधारण अर्ध्या पटीच्या आसपास जाते. एका काचेच्या स्वस्त भिंगात पांढऱ्या पाकळीच्या कडेला जांभळी-हिरवी किनार येते, आणि मोगऱ्यावर ती सगळ्यात जास्त डोळ्यात भरते. दोन काचा जोडलेलं, ज्याला अ‍ॅक्रोमॅट म्हणतात, ते घेतलं की हा त्रास बराच कमी होतो.

दुसरा, एक्स्टेन्शन ट्यूब. नुसती पोकळ नळी, कॅमेरा आणि लेन्सच्या मध्ये बसते. वाढ किती मिळेल ते नळीच्या लांबीला फोकल लेंग्थने भागलं की कळतं: ५० मिमी लेन्सला २० मिमीची नळी म्हणजे ०.४ ची भर. विजेचे संपर्क असलेलीच घ्या. बिनसंपर्काच्या नळीत आजकालच्या बहुतेक लेन्सचं छिद्र कॅमेऱ्यातून बदलता येत नाही, मग सगळे फोटो सताड उघड्या छिद्रावर निघतात आणि लोक नळीला शिव्या देतात. १८-५५ च्या १८ टोकाला ट्यूब लावू नका, फोकस लेन्सच्या काचेच्याही आत जातो. आणि अर्ध्या पटीला प्रकाश एक स्टॉपहून (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) थोडा जास्त कमी होतो, तो हिशेबात धरा.

आता तुमचा तिसरा प्रश्न. एपीएस-सीवर एफ/८ ला स्पष्ट येणारी खोली अशी:

०.१ पट (चौकटीत २३ सेंमी): सुमारे ३५ मिमी
०.१५ पट: सुमारे १६ मिमी
०.२५ पट: सुमारे ६ मिमी
०.५ पट: सुमारे २ मिमी

जास्वंदीची पुंकेसरांची दांडी ६-७ सेंमी पुढे येते. फूल समोरून, चौकट भरून काढलं की तुमच्या हातात आहेत १६ मिमी. एफ/१६ ला ते ३२ होतील, तरी दांडी आणि पाकळ्या एकत्र येणार नाहीतच. उपाय छिद्रात नाही, जागेत आहे. बाजूने काढा, दांडी सेन्सरला समांतर राहील अशी. मग टोकावरचे पाच मखमली ठिपके, त्यामागचे पिवळे परागकोश आणि जवळच्या पाकळीची कड, सगळं एका पातळीत येतं.

एफ/२२ ला मऊ आलं ते विवर्तनामुळे. लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो, आणि तुमच्या सेन्सरचा एक पिक्सेल जवळपास ४ मायक्रॉनचा आहे, त्यामुळे तो पसारा लगेच दिसतो. एफ/८ ते एफ/११ मध्ये राहा. एफ/१६ अगदी नडलं तरच.

---

माळीबुवा

कॅमेऱ्याचं वर आलंच आहे. मी फुलांच्या बाजूने लिहितो, कारण निम्मे फोटो चुकीच्या वेळेला काढल्यामुळे बिघडतात. प्रत्येक फुलाचं घड्याळ वेगळं असतं.

मोगरा संध्याकाळी उमलतो. रात्री तो सगळ्यात ताजा, दुसऱ्या दिवशी पहाटेही चांगला, अकरा वाजता पाकळ्यांच्या कडा मरगळायला लागतात. फोटो काढायचा तर सूर्य उगवायच्या आधी पंधरा मिनिटं ते उगवल्यानंतर अर्धा तास. पुण्यात मार्चच्या मध्याला सूर्योदय पावणेसातच्या सुमारास, एप्रिलच्या मध्याला सव्वासहा-सहा वीस. त्या उजेडाला दिशा असते पण धार नसते, म्हणून पांढऱ्यावर पांढऱ्याची सावली दिसते. थर दिसतात ते त्या सावलीमुळेच.

जास्वंद एका दिवसाची. सकाळी आठ-साडेआठपर्यंत पूर्ण उघडते, दुपारनंतर पाकळ्यांचा ताण जातो. आठ ते दहा ही तिची वेळ.

ऑफिस टाइम नावाप्रमाणे नऊ-साडेनऊशिवाय कामावर येत नाही. ऊन लागलं तरच उघडतं, सावलीत नेलंत तर मिटू लागतं. म्हणजे कोवळ्या उजेडात त्याचा फोटो विसरा. कडक उन्हातच काढायचं आणि ऊन वरून मऊ करायचं. भरतकामाची १४ इंची रिंग घ्या, तीत पांढरं रुबिया ताणून बसवा. फुलाच्या वर वीतभर अंतरावर धरा. सावलीची कड पुसट होते, उजेड स्टॉप-दीड स्टॉप उतरतो. फार लांब धरलंत तर काही उपयोग नाही: फुलाच्या दृष्टीने कापड जितकं मोठं दिसेल तितका उजेड मऊ.

बोगनवेलीत आपण ज्याला फूल म्हणतो ती रंगीत पानं. खरं फूल आत, काडीसारखं नळकांडं, टोकाला पांढरट चांदणी. फोकस तिथेच. ही पानं कागदासारखी पातळ असतात, म्हणून ऊन मागून घ्या. संध्याकाळी साडेपाच-सहाचं तिरपं ऊन पानांतून आरपार आलं की शिरांची जाळी उमटते. समोरून उजेड घेतला तर तीच पानं सपाट राणी रंगाचा कागद.

आदल्या संध्याकाळी कुंडीला भरपूर पाणी द्या. सकाळी पाकळ्या ताठ असतात. फोटोच्या आधी चार नंबरचा कोरडा ब्रश फिरवा: मुंग्या, परागकण, पिठ्या ढेकणाचा कापूस, लाल कोळ्याची जाळी. ही जाळी एरवी दिसत नाही, मागून ऊन आलं की लख्ख चमकते. पेटुनियाला मात्र ब्रश जपून, तिची पानं आणि देठ चिकट असतात, धूळ निघण्याऐवजी लिंपली जाते. धूळभरली पेटुनिया सरळ सोडून द्या आणि शेजारचं नवं फूल शोधा.

थेंब हवे असतील तर साध्या पाण्याचा बारीक फवारा. बोअरचं पाणी नको, वाळल्यावर क्षारांचे पांढरे डाग राहतात. आरओचं चालेल.

---

रंगारी

माळीबुवांशी सहमत. थेंबांसाठी काही जण ग्लिसरीन आणि पाणी समप्रमाणात घेतात, थेंब तासभर टिकतो आणि गोल राहतो. फुलावर मारू नका, पानापुरतं ठीक, आणि नंतर धुऊन टाका. चिकट राहिलं की त्यावर धूळ बसते.

माझा मुद्दा रंगाचा. पांढऱ्याचं आणि लालचं दुखणं वेगळं आहे, औषधही वेगळं.

मोगरा. 'पांढऱ्या फुलाला एक्सपोजर कमी करा' हे सगळीकडे वाचायला मिळतं, आणि ते निम्मंच खरं आहे. कॅमेऱ्याचा मीटर जे दिसेल ते मध्यम करड्याकडे ओढतो. गडद पानांमध्ये एकच लहान मोगरा असेल तर मीटर पानं उजळवायला जातो, फूल जळतं, म्हणजे तपशील जाऊन नुसतं पांढरं उरतं: तिथे -०.७ ते -१ स्टॉप. पण मोगऱ्याने चौकट भरली असेल तर तोच मीटर फुलाला करडं करतो: तिथे +०.७ ते +१. तुमचं फूल जळतंय म्हणजे तुम्ही पहिल्या प्रकारात आहात. स्क्रीनवर जळलेल्या जागा लुकलुकवणारी सूचना चालू करा आणि ती लुकलुक थांबेपर्यंत खाली या, त्याहून जास्त नाही.

जास्वंद. इथे साधा पांढरा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) फसवतो. तो ठीक दिसतो, पण लाल वाहिनी एकटी उजव्या भिंतीला जाऊन आपटलेली असते. तिच्यात तपशील उरत नाही, हिरव्या आणि निळ्यात तर लाल पाकळीचा फारसा काही नसतोच. म्हणून लगदा. कॅमेऱ्यात लाल-हिरवा-निळा असे वेगळे आलेख दाखवायची सोय असते, ती लावा. लाल टोकाला चिकटला असेल तर -०.७, गरज पडली तर -१.३ पर्यंत. रॉ मध्ये (सेन्सरची प्रक्रिया न केलेली फाइल) काढा. रंगछटेचा पर्याय 'व्हिव्हिड' किंवा 'लँडस्केप' वर असेल तर 'न्यूट्रल' वर आणा, कारण कॅमेऱ्यातला आलेख त्या छटेवरून बनतो, रॉवरून नाही. व्हिव्हिडमध्ये तो उगाच भीती घालतो. नंतर संगणकावर लालची सॅच्युरेशन १०-२० ने उतरवा, शिरा परत दिसू लागतात. आणि उजेड बाजूने: पाकळीच्या सुरकुत्या फक्त तिरप्या उजेडात उमटतात. जास्वंदीच्या पानांवर चकाकी फार असेल तर पोलरायझर फिरवून बघा, पण तो दीडेक स्टॉप खातो.

गोकर्ण. निळ्या फुलांचं हे दुखणं फिल्मच्या काळापासूनचं. पाकळी निळ्याबरोबर डोळ्याला जेमतेम जाणवणारा गडद लालही परतवते, आपला डोळा त्याकडे दुर्लक्ष करतो, सेन्सर करत नाही. व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेरा करतो ती रंगाची दुरुस्ती) हलवून पूर्ण सुटत नाही, सगळी पानंच हिरवट-निळी होतात. उघड्या सावलीत काढा, थेट उन्हात नको, आणि नंतर फक्त जांभळ्या-निळ्या पट्ट्याचा रंग निळ्याकडे सरकवा. पानांना हात लावू नका.

आणि ती शेडनेट! पहिला संशयित तीच. हिरव्या जाळीखाली मोगरा पिस्त्यासारखा दिसणारच.

---

चैत्रपालवी

अरे वा, भरपूर मिळालं. धन्यवाद सगळ्यांना. मोगरा जाळीखालीच आहे आणि खरंच हिरवट येतो, मला ते फोनचं वाटत होतं. कागदावर व्हाइट बॅलन्स घेऊन सुटेल का? आणि मागच्या चादरीचं काय करू? वारा आणि फुटबॉल लिली यावरही कुणी लिहा.

---

रंगारी

साधा झेरॉक्सचा कागद घेऊ नका. जास्त पांढरा दिसावा म्हणून त्यात चमक आणणारं द्रव्य घातलेलं असतं, उजेडात ते निळसर झाक देतं आणि कॅमेरा त्याची भरपाई म्हणून चित्र पिवळट करतो. ग्रे कार्ड (तटस्थ करड्या रंगाचा पुठ्ठा) नसेल तर नळाच्या आट्यांना गुंडाळतात ती पांढरी टेफ्लॉन टेप घ्या. पत्त्याच्या आकाराच्या पुठ्ठ्यावर पाच-सहा थर गुंडाळा. रंगाच्या बाबतीत ती अगदी तटस्थ असते. फुलाच्या जागी धरून कस्टम व्हाइट बॅलन्स घ्या.

पण जाळीखाली नुसती हिरवी झाक नसते. भोकांतून कोरं ऊन, धाग्यांतून हिरवं, उघड्या बाजूने निळं आकाश, असे तीन उजेड एका फुलावर पडतात. एक आकडा तिघांना पुरत नाही. कुंडी उचलून जाळीबाहेर आणा, फोटो काढा, परत ठेवा. अर्ध्या तासाने मोगऱ्याचं काही बिघडत नाही.

मोझॅकचा मात्र फायदा घ्या. पांढऱ्या फरशीवरून उजेड खालून वर येतो, फुलाच्या पोटातली सावली भरते. म्हणून मोगरा फरशीजवळ ठेवा. बोगनवेलीला हाच उजेड नको असतो, मागून येणारं ऊन तो फिकं करतो. तिच्याखाली काळा कपडा अंथरा.

---

एफ_आठ

चादर: फुलामागे १ मीटरवर गडद हिरव्या सुती साडीचा दुहेरी पडदा. क्लोदलाइनला चिमट्याने टांगा. फूल कॅमेऱ्यापासून २५-३० सेंमीवर आणि पडदा मीटरभर मागे असला की विणही दिसत नाही. काळी पार्श्वभूमी हवी तर मखमल. काळा चार्ट पेपर टाळा, तो चमकतो आणि फोटोत राखाडी येतो. पडद्यावर ऊन पडू देऊ नका, फुलावरच पडलं पाहिजे. बरेचदा तर कॅमेरा दोन वीत डावीकडे सरकवला की टाकी झाडामागे जाते, पडदाही लागत नाही.

वारा: सकाळी साडेआठपर्यंत शांत, दुपारनंतर पश्चिमेचा सुटतो. आकड्यात बघा. फूल सेकंदाला फक्त २ सेंमी डुललं, तरी ०.२५ पटीला सेन्सरवर ते ५ मिमी सरकतं. १/१२५ सेकंदाच्या शटरला हे सरकणं ४० मायक्रॉन, म्हणजे दहा पिक्सेल. १/५०० ला अडीच. तेव्हा हातात धरून काढताना १/५००, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ८०० लागला तरी लावा. थोडा रवाळपणा चालतो, हललेली पाकळी परत येत नाही.

देठ बांधायला बोन्सायची ३ मिमी अ‍ॅल्युमिनियम वायर, फूटभर. एक टोक कुंडीत खोचा, दुसऱ्याला कपड्याचा प्लास्टिक चिमटा. चिमट्याच्या जबड्यात स्पंज चिकटवा, नाहीतर देठ चेचतो. पकड फुलाच्या ५-६ सेंमी खाली, चौकटीबाहेर. त्याहून खाली धरलं तर वरचा भाग डुलतच राहतो.

फुटबॉल लिली: हिच्यासाठी लोक उगाच तीस-तीस फोटो रचतात (वेगवेगळ्या फोकसचे फोटो जोडून एक करतात). गोळा १२-१५ सेंमीचा, चौकटीत मावायला प्रतिमा ०.१ पट. एफ/८ ला खोली ३५ मिमी, गोळ्याचा समोरचा अर्धा भाग ६-७ सेंमी. थोडं एकमेकांवर चढवून चार फोटो, फार तर पाच. क्रम असा:

कॅमेरा तिपाईवर किंवा किलोभर तांदळाच्या पिशवीवर. स्टॅबिलायझर बंद. मॅन्युअल एक्सपोजर, व्हाइट बॅलन्स बांधलेला, नाहीतर प्रत्येक फोटोचा रंग वेगळा. लाइव्ह व्ह्यू १० पट मोठा करून सगळ्यात पुढच्या पुंकेसरावर फोकस. दोन सेकंदांचा टायमर. मग रिंग किंचित मागे, पुन्हा फोटो, गोळ्याच्या कडेपर्यंत. रचायला प्रोग्रॅम: हेलिकॉन फोकस, झेरीन स्टॅकर. फुकट हवं तर ह्यूगिनबरोबर येणारं अलाइन_इमेज_स्टॅक आणि एन्फ्यूज. दोन फोटोंच्या मध्ये झुळूक आली की पुंकेसर दुहेरी दिसतात. तो संच टाका, नव्याने काढा. दुरुस्तीत वेळ घालवू नका.

---

खिशातला_कॅमेरा

फोनचं कुणी बोललंच नाही. वेगळी २ मेगापिक्सेलची मॅक्रो काच असेल तर ती विसरा. मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर मोठा असेल तर तो १५ सेंमीच्या आत फोकस करत नाही, आणि फोन तुम्हाला न विचारता अल्ट्रावाइडवर उडी मारतो. सेटिंगमध्ये ऑटो मॅक्रो बंद करा, थोडे मागे सरका, २ किंवा ३ पट झूम घ्या. फुलावर बोट दाबून धरा, फोकस-एक्सपोजर कुलूपबंद होतं, मग सूर्याचं चिन्ह खाली ओढा. पोर्ट्रेट मोड नको: जास्वंदीच्या परागकोशांचे बारीक देठ तो पार्श्वभूमी समजून पुसून टाकतो. प्रो मोडमध्ये रॉ असेल तर वर रंगारींनी लालबद्दल लिहिलंय ते सगळं इथेही लागू.

---

चैत्रपालवी

दांडी समांतर ठेवून जास्वंद काढली, -१ वर, न्यूट्रलमध्ये. शिरा दिसताहेत! टोकाचे पाच ठिपके मोजता येतात. पण मागच्या दोन पाकळ्या अजून धूसर आहेत. त्या पण हव्यात की राहू द्याव्यात?

---

एफ_आठ

राहू द्या.

---

माळीबुवा

राहू द्या. आणि १३ मेच्या सुमारास पुण्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, शून्य सावलीचा दिवस. त्या आठवड्यात साडेनऊनंतर गच्चीत कॅमेरा नेऊ नका, ऑफिस टाइम सोडून. लिली तेव्हा फुललेली असली तर सकाळी सातलाच उरकून घ्या.